तीन नंबरचा माग

त्या वर्षी देशात निदान दोन लाख माणसं माझ्यासारखी कंबर हलवत होती आणि मला त्याचा भलताच अभिमान होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझी फजिती वाचताना तुम्हाला उगाच वाईट वाटायला नको.

मी पद्मजा मगदूम. इचलकरंजीत आमच्या अप्पांची चार यंत्रमागांची शेड होती. अप्पा गेल्यावर तीन माग भंगारात गेले. तीन नंबरचा माझ्या थोरल्या भावानं, भरतेशदादानं, हट्टानं शेडच्या मागच्या भिंतीला ठेवून घेतला. उरलेल्या जागेत मी केटलबेलचा वर्ग काढला, त्यालाही आता बावीस वर्षं झाली. केटलबेल म्हणजे वर जाड मूठ असलेला ओतीव लोखंडी गोळा. माझ्याकडच्या बायका त्याला कुलूप म्हणतात, कारण तो दिसतोच तसा. ‘बाई, मला सोळाचं कुलूप द्या’ असं कुणी म्हटलं की नवीन माणूस बावचळतं.

नव्या माणसाला मी पहिल्यांदा सांगते ते हे, की कुलूप हातानं उचलायचं नाही. हात म्हणजे नुसते दोर. दोन्ही हातांत घागरी असताना आपण मागचं दार ढुंगणानं लोटतो, तशी कंबर मागे न्यायची. गुडघे जरासेच वाकवायचे, बैठका मारायच्या नाहीत. पाठ सरळ ठेवायची. गोळा मांड्यांच्या मधून मागे गेला की दातांतून फस्सकन श्वास सोडत कंबर पुढे हाणायची. मग गोळा आपण होऊन छातीपर्यंत येतो आणि तिथे क्षणभर त्याला वजनच राहत नाही. त्या क्षणासाठी मी एकतीस वर्षं हे करते आहे. पण सांगून कुणाला जमत नाही. दहातले नऊ जण हातानं ओढतात आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरून येतात.

म्हणून कमरेला बांधायचा ‘पडसाद’ पट्टा आला तेव्हा मी नाचायचीच बाकी होते.

अंगात वीज सोडून स्नायू हलवणारी यंत्रं पूर्वीही होती. पण तिथे स्नायू यंत्र हलवायचं, माणूस नाही, त्यामुळे शिकणं शून्य. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं उलटा विचार केला. आपल्या मणक्याच्या खालच्या भागात मज्जातंतूंचं एक जाळं असतं. चालताना, उडी मारताना कुठला स्नायू नेमका कधी आवळायचा, हे बरंचसं तेच बघतं, दर वेळी मेंदूला विचारत बसत नाही. या जाळ्याला कातडीवरूनच अगदी हलका प्रवाह दिला तर ते उंबरठ्यावर येऊन उभं राहतं. पाऊल आत टाकायचं ते माणसाच्या स्वतःच्या इच्छेनं. पट्टा फक्त एवढंच ठरवतो, की कुठला धागा कोणत्या क्षणी उंबरठ्यावर आणायचा. वेळ जुळली की अंगाला वाटतं, हे मीच केलं. आणि जे आपण स्वतः केलं असं अंगाला वाटतं, ते अंग सहसा विसरत नाही.

आता ही वेळ घ्यायची कुणाकडून, तर जाणकाराकडून. कंपनीनं देशभरातले एकशेचाळीस शिक्षक तपासले. मला अंगभर पट्ट्या लावून चार हजार झोके घ्यायला लावले आणि शेवटी माझीच निवड झाली. ओजस करंदीकर नावाचा त्यांचा इंजिनिअर कौतुकानं म्हणाला, की चार हजार वेळांत तुम्ही केसभरही बदलला नाहीत. माझी सगळी फजिती या एका वाक्यात होती. पण मी ते वाक्य बक्षिसासारखं घरी आणलं आणि येईल जाईल त्याला ऐकवलं.

दोन वर्षांत पट्टा घरोघर गेला. दुर्गापूरच्या बायका, जोधपूरचे पेन्शनर, सगळे माझ्या वेळेनं गोळा झुलवू लागले. आणि माझ्या शेडमध्ये त्याच पट्ट्यानं तयार झाली तस्नीम मोमीन.

तस्नीमचे वडील आमच्याच गल्लीत माग चालवायचे. पोरगी एकवीस वर्षांची, उंची पाच फूट दहा इंच, बोलायला कमी आणि कष्टाला वाघीण. नाशिकला राष्ट्रीय स्पर्धा होती. प्रकार असा, की चोवीस किलोचा गोळा मांड्यांमधून एका दमात थेट डोक्यावर न्यायचा, कोपर ताठ करून थांबवायचा, पंचानं आकडा मोजला की खाली सोडून पुन्हा वर. सलग दहा मिनिटं. जमिनीला टेकवायचा नाही आणि हात फक्त एकदा बदलायचा. एकशे साठ झाले की आशियाई संघात जागा. तस्नीम सरावात एकशे पंचावन्नवर होती. पट्टा सरावाला चालतो, स्पर्धेत चालत नाही, पण तोवर तो अंगात मुरलेला असतो.

स्पर्धेला चोवीस दिवस असताना तिच्या कमरेत डाव्या बाजूला कळ आली.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. मणक्याच्या एका चकतीवर डावीकडून दाब पडत होता. तंत्रात कुठेतरी पीळ आहे, म्हणाले, तो काढा, नाहीतर ही मुलगी वर्षभरात वजन उचलायची बंद होईल. मी तिलाच झापलं. लक्ष कुठे असतं, झोप पुरी होते का, पाठ सैल सोडतेस, असं बरंच काही बोलले. तस्नीमनं सगळं ऐकून घेतलं. आमच्याकडच्या पोरी ‘करते’ म्हणत नाहीत, ‘करतो’ म्हणतात. ती म्हणाली, “बाई, मी तुमच्यासारखंच करतोय. तंतोतंत.”

त्याच रविवारी सकाळी दादा आणि मी चहा पीत बातम्या बघत होतो. पुण्यात एका मैदानावर दोन हजार माणसं पट्टे घालून एकदम गोळे झुलवत होती आणि वरून त्यांचं चित्रण चाललं होतं. मी सोफ्यावर ताठ बसले. एवढी सगळी माझी लेकरं म्हणायची. दादा मात्र बशी तोंडाशी नेता नेता थांबला.

“पद्मा,” तो म्हणाला, “ही सगळी माणसं आपल्या तीन नंबरपासून खांदा का चोरालीत गं?”

मी पडद्यापाशी जाऊन बघितलं. दोन हजार डावे खांदे एकदम आत जात होते.

गोष्ट दोन हजार बारा सालची. मी सतरा वर्षांची होते. फोनवर कुठेतरी केटलबेल बघितली आणि दादाच्या मागे लागून शिरोलीच्या फाउंड्रीतून तसा गोळा ओतून घेतला. झुलवायला जागा कुठली, तर दोन नंबर आणि तीन नंबर मागांच्या मधली तीन फुटांची बोळ. तिथे उभी राहून तुटलेल्या धाग्यांवर लक्ष ठेवायचं आणि गोळाही झुलवायचा. तीन नंबरचा, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा फेकणारा दांडा माझ्या डाव्या हाताला फाटकन बाहेर यायचा. एके दिवशी तो खांद्यावर बसला. अप्पा ओरडले, “माग बंद!” आमच्या धंद्यात ही आरोळी आली की कुणी का म्हणून विचारत नाही. जो जिथे असेल तिथून त्याचा हात बंद करायच्या दांडीवर जातो, शेजारच्या शेडमधलासुद्धा. कारण त्या वेळी कुणाचं तरी बोट नाहीतर पदर यंत्रात असतो.

तेव्हापासून गोळा वर आला की मी डावा खांदा किंचित आत घ्यायची. इतका किंचित, की मलाच ठाऊक नव्हतं. माग तिथून हलला, पण खांद्याला ते कुणी कळवलं नाही. आणि आता पुण्याच्या मैदानावर दोन हजार माणसं इचलकरंजीतल्या एका मागाच्या दांड्यापासून स्वतःला वाचवत होती.

माझी शरीरयष्टी बुटकी आणि एकतीस वर्षांची सवय, मला त्या पिळाचा त्रास नव्हता. उंच माणसाला तोच पीळ मणक्यात बसत होता.

यानंतर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मी तीन दिवस गप्प राहिले. पट्ट्याच्या डबीवर माझा फोटो होता. जत्रेतसुद्धा लोक मला ओळखायचे. मी स्वतःला समजावलं, की आधी खात्री करू, स्पर्धा होऊ दे, मग बघू. तीन दिवस तस्नीम पट्टा घालून चारशे-चारशे वेळा गोळा उचलत राहिली. चौथ्या दिवशी तिनं बुटाची नाडी बांधायला वाकायच्या ऐवजी पाय खुर्चीवर ठेवला आणि ओठ दाबून धरला. तेव्हा मला राहवलं नाही. मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं.

“तीन दिवस?” तिनं एवढंच विचारलं.

“तीन दिवस,” मी म्हटलं.

ती पिशवी उचलून घरी गेली. मी त्याच पावली ओजसला फोन लावला. त्यानं तासाभरात आकडे तपासले. खांदा अडीच अंश आत आणि सेकंदाच्या विसाव्या भागाइतका आधी, दर झोक्याला. वर त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. त्यांचा प्रोग्रॅम असं धरून चालतो, की जाणकाराच्या हालचालीत जे कधीच बदलत नाही तेच खरं मर्म. माझी कंबर, माझा श्वास, माझे गुडघे दिवसागणिक थोडे इकडेतिकडे व्हायचे. चार हजार वेळांत तसूभरही न बदललेली गोष्ट एकच होती. म्हणून प्रोग्रॅमनं सगळ्यात जास्त भर खांदा चोरण्यावरच दिला होता.

ओजस चाचरत म्हणाला, की तुमच्या झोक्यांवरून बांधलेला पट्ट्याचा आराखडा मागे घ्यायचा तर कारण जाहीर करावं लागेल आणि त्यात तुमचं नाव येईल. मी म्हटलं, येऊ दे. दुसऱ्या दिवशी आलंसुद्धा, फोटोसकट. गल्लीतल्या लोकांनी दोन दिवस मला बघून डावे खांदे उडवले. इचलकरंजी म्हटल्यावर एवढं चालायचंच.

तस्नीम तिसऱ्या दिवशी परत आली. रागावलेली होती, पण वीस दिवसांपैकी दोन फुकट गेल्याचा राग माझ्यावरच्या रागापेक्षा मोठा होता. पट्टा काढून सराव सुरू केला. खांदा तसाच. मी हातानं धरला, आरसा लावला, सहा किलोवरून सुरुवात केली. लक्ष असेपर्यंत सरळ, लक्ष हटलं की आत. ओजस पुण्याहून येऊन बसला होता. तो म्हणाला, की अडचण ही आहे, की तुमच्या अंगाला निदान कारण माहीत होतं, हिच्या अंगाला सवय मिळाली पण कारण मिळालंच नाही. त्यामुळे खांदा कधी सोडायचा हे त्याला कळणार कसं.

दादा दारात अडकित्त्यानं सुपारी कातरत होता. तो म्हणाला, “मग तिला माग दाखवा की. न बघितलेल्याची भीती जात न्हाई.”

ओजसनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खुर्चीवरून उठलाच. अंगाची सवय एखाद्या खुणेला बांधता येते, तो भराभर सांगू लागला. खूण दिसली की सवय, खूण गेली की सवयही गेली. हिच्या सवयीला खूणच नाही म्हणून ती सगळीकडे पसरली आहे. आधी तिला खूण देऊ, मग खूण काढून घेऊ.

मागच्या भिंतीचा तीन नंबर आम्ही उघडा केला. दादा दर दसऱ्याला त्याला तेल घालायचा, त्याचं सार्थक झालं. तो सुरू झाला तेव्हा शेडचे पत्रे थरथरले आणि माझा डावा खांदा सगळ्यांच्या देखत आत गेला. तस्नीम पहिल्यांदा मोकळी हसली.

तिला दांड्यापासून हातभर अंतरावर उभं केलं. धोटा खटकन जायचा, दांडा बाहेर यायचा, ती खांदा आत घ्यायची. आता त्याला अर्थ होता. चार दिवसांत तिचा खांदा मागाच्या ठेक्यावर चालू लागला. मग दादानं मधूनच माग बंद करायला सुरुवात केली. माग चालू असला की खांदा आत, बंद झाला की खांदा बाहेर. अंतरही रोज वीतभर वाढवलं. माग सरकवण्यापेक्षा पोरगी सरकवणं सोपं. दहाव्या दिवशी शांत शेडमध्ये तिनं सलग साठ उचलले आणि ओजसच्या पडद्यावरची रेघ कुठेच वाकडी झाली नाही. चौदाव्या दिवशी कळ गेली. डॉक्टरांनी पुन्हा बघून होकार दिला. मी शेडमध्ये पेढे वाटले, म्हणजे मला किती आनंद झाला होता ते ओळखा.

नाशिकला गावातून एक बस आली. बहुतेक सगळे जुने विणकर, चाळीसेक डोकी. दादा त्यांचा पुढारी. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचं तेज होतं, पण मला विचारायला वेळ नव्हता.

शिट्टी झाली. तस्नीमनं उजव्या हातानं सुरुवात केली. कंबर मागे, श्वास, गोळा वर, कोपर ताठ, आकडा. गोळा मनगटावर आपटत नव्हता, हात मुठीतून अलगद आत सरकत होता. पाच मिनिटांना ब्याऐंशी. तिनं हात बदलला. आता डावा हात, डावा खांदा. मी श्वास रोखून बघत होते. सरळ. सरळ. सरळ. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं. शंभर.

आणि मागून आवाज आला. खट खट, खट खट, खट खट.

मी वळून बघितलं. चाळीस विणकरांनी पिशव्यांमधून जुने लाकडी धोटे काढले होते आणि दोन-दोन हातांत घेऊन ते एका ठेक्यात आपटत होते. अप्पांच्या शेडचा ठेका. शंभर झाले की वाजवायचे, असं दादानं बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. बाकी लोक टाळ्या वाजवतात, आपण आपलं वाजवू, एवढाच त्याचा विचार. इतक्या प्रेमानं केलेली चूक मी जन्मात बघितली नाही.

तस्नीमचा खांदा आत गेला. गोळा डोक्यावर डगमगला आणि पंचांनी हात आडवा केला, उचल बाद. पुढची मिळाली, त्याच्या पुढची बाद. तिच्या कमरेत पीळ पडताना मला दिसत होता. ती आकड्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. सात मिनिटं झाली तेव्हा एकशे दहा. उरलेल्या तीन मिनिटांत पन्नास हवेत आणि खांदा मागाच्या ताब्यात.

मी कठड्याकडे धावले, दोन्ही हात हलवून थांबा थांबा म्हणाले. त्यांना वाटलं, बाई जोर मागतायत. दादानं तर उभं राहून दुप्पट जोर लावला. माझा आवाज त्या खडखडाटात कुठे पोचणार. आणि मग माझ्या छातीतून जे निघालं तो माझा आवाज नव्हताच, अप्पांचा होता.

“माग बंद!”

चाळीस माणसांचे हात एका क्षणात खाली गेले. नुसते थांबले नाहीत, गेले, उजव्या बाजूला, कमरेच्या खाली, जिथे कधीकाळी दांडी असायची तिथे. धोटे फरशीवर गडगडले. आमच्या गटातला नसलेला एक मालेगावचा, म्हणजे मागांच्याच गावचा, म्हातारा शेजारच्या रांगेत शेंगा खात होता, त्याच्याही हातातली पुडी खाली पडली. सगळं क्रीडागृह चिडीचूप झालं. पंचांनीसुद्धा इकडे बघितलं.

त्या शांततेत तस्नीमचा खांदा सुटला. मला तो सुटताना दिसला.

एकशे अकरा. बारा. तिचा श्वास माझ्यापर्यंत ऐकू येत होता. एकशे तीस. चाळीस. कुणी टाळी वाजवेना, चाळीस विणकर हात मांडीखाली दाबून बसले होते. दादाचे ओठ आकड्याबरोबर हलत होते. नवव्या मिनिटाला एकशे त्रेचाळीस. आता सरळ आहे की वाकडं हे बघायचं मी सोडून दिलं, मला फक्त ती हवी होती, धडधाकट. एकशे अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. शिट्टी व्हायच्या आत तिनं आणखी एक उचलला, थांबवला, आणि पंचांनी म्हटलं, एकशे एकसष्ट.

तिनं गोळा खाली ठेवला. कंबर मागे नेऊन, पाठ सरळ ठेवून, मी शिकवलं होतं तसा. मग कठड्यापाशी आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिची कंबर चाचपत राहिले. दादा लांबूनच कान धरून उभा होता.

पट्ट्याला आता कुणा एकाचा आराखडा नसतो. ओजसच्या कंपनीनं तो पुन्हा पहिल्यापासून बांधला. पट्टा आधी महिनाभर नुसता बघतो, की या माणसाच्या अंगाला कुठून काय मिळालं आहे, आणि मगच बोलतो. डबीवर आता कुणाचाच फोटो नाही.

पण ही गोष्ट तिथे संपली नाही. आशियाई शिबिराला जायच्या आदल्या दिवशी सकाळी तस्नीम शेडमध्ये आली. दादाला खुणावून तिनं तीन नंबर सुरू करायला लावला आणि मला दांड्याशेजारी, माझ्या जुन्या जागी उभं केलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कशाला, मी म्हटलं, मला काही त्रास नाही. तिनं ऐकलं नाही. सहा किलोचं कुलूप माझ्या पुढ्यात ठेवलं, नवख्या बाईपुढे ठेवतात ते.

मी झुलवू लागले. खट खट, खट खट. खांदा आत, खांदा आत. एकतीस वर्षांपूर्वीची ती बोळ, तो तेलाचा वास, पलीकडे अप्पा धागा जोडतायत असं वाटावं. हे गेलं तर अप्पांच्या शेडमधलं माझ्या अंगात काय उरणार, असं मनात आलं आणि मी ते तिला बोलूनही दाखवलं.

तस्नीम दांडीपाशी गेली. “माग बंद, बाई,” ती हळूच म्हणाली, आणि दांडी ओढली.

शेड शांत झाली. मी झोका घेतला. गोळा वर आला, तरंगला, खाली गेला. मला तो साफ वाकडा वाटला, डावीकडे कलंडलेला. मी तसं म्हणालेही.

“सरळ हाय,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच सरळ गेला.” आणि माझ्या समोर हाताची घडी घालून उभी राहत तिनं मोजायला सुरुवात केली.

“एक.”